खलाशाचा पहिला कागद

मासळीसाठी परदेशी पोहोचणारे भारतीय दोन प्रकारचे असतात. पहिला हौशी. तो महिनोन्महिने तयारी करतो. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर आणखी सहा महिने शिल्लक आहे ना, हे तपासतो. व्हिसाच्या अर्जाला बँकेचे उतारे, विम्याचे पत्र आणि परतीचे तिकीट जोडतो. ज्या देशात गळ टाकावयाचा, तेथील परवान्याचे शुल्क आगाऊ भरतो. आइसलँडला जावयाचे असेल, तर वापरलेला गळ आणि दोर निर्जंतुक केल्याचा पशुवैद्याचा दाखलाही जवळ ठेवतो. थोडक्यात, त्याच्या गळालाही कागद असतो.

दुसरा प्रकार खलाशाचा. हा परदेशी जावयास निघतच नाही. पावसाळी बंदी संपली की पालघर जिल्ह्यातील तलासरी, डहाणू ह्या तालुक्यांतील पाड्यांमधून तो निघतो आणि सौराष्ट्रातील ओखा, पोरबंदर, वेरावळ, मांगरोळ ह्या बंदरांवर पोहोचतो. तेथे तो बोटीवर चढतो, आणि पुढे कधीतरी पाण्यावर न दिसणारी एक रेषा त्याला परदेशी नेऊन सोडते. त्याच्याजवळ पासपोर्ट नसतो, नेमणुकीचे पत्र नसते, मजुरीचा करार नसतो. कराचीच्या मलीर तुरुंगातून सुटताना इस्लामाबादेतील भारतीय उच्चायुक्तालय त्याला आपत्कालीन प्रवास प्रमाणपत्र देते, आणि त्यावर तो वाघा-अटारीची सीमा ओलांडतो. बहुतेकांच्या आयुष्यातील तो पहिला प्रवासी कागद असतो. जाण्यासाठी कागद नाही. कागद मिळतो तो परतण्यासाठी, आणि तोही काही वर्षे गेल्यानंतर.

ह्या उलटसुलट व्यवहाराकडे भारत-पाक वैराचे एक दुर्दैवी उपकथानक म्हणून पाहण्याची सवय राजकीय वर्तुळांना जडली आहे. ती सवय मोडली पाहिजे. खलाशाचा तुरुंगवास सीमेवर सुरू होत नाही. तो किनाऱ्यावर, किंबहुना पाड्यावर सुरू होतो. ज्या दिवशी मुकादम उचल देऊन, कोणतीही नोंद न करता, माणसे गाडीत बसवतो, त्याच दिवशी त्या तुरुंगवासाचा पाया घातला जातो. म्हणूनच हा प्रश्न परराष्ट्र खात्याचा असण्याच्या कितीतरी आधी श्रमिक चळवळीचा आहे.

पाड्यावरून बंदरापर्यंत

हा खलाशी कोण आहे? तो प्रायः वारली, कोकणा, धोडी किंवा दुबळा समाजातील भूमिहीन अथवा अल्पभूधारक तरुण आहे. पावसाळ्यात भात लावून झाला की गावात त्याच्या हाताला काम उरत नाही. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रात १९७७ साली झाला आणि १९७९ साली अमलात आला; परंतु ज्या महिन्यांत काम हवे, त्याच महिन्यांत ते मिळेल आणि मजुरी वेळेवर हातात पडेल, हा विश्वास पाड्यांवर रुजला नाही. त्या पोकळीत मुकादम येतो. तो हंगामाच्या तोंडावर उचल देतो. घराचे छप्पर, बहिणीचे लग्न, वडिलांचे आजारपण ह्यांपैकी कशात तरी ती उचल संपते आणि तरुण आठ-नऊ महिन्यांसाठी बोटीला बांधला जातो.

ह्याच परिसराने १९४५ साली वेठ आणि लग्नगडी यांविरुद्ध वारल्यांचा उठाव पाहिला. लग्नासाठी घेतलेल्या काही रुपयांपायी नवरा-बायकोने जन्मभर सावकाराच्या शेतावर राबावे, ही प्रथा त्या उठावाने मोडली. तो लाल बावट्याखाली झाला म्हणून समाजवादी कार्यकर्त्याने त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. लग्नगडी गेला; पण लग्नासाठी घेतलेली उचल समुद्रावर फेडण्याची रीत उरली. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याप्रमाणे आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाला मर्जीविरुद्ध राबविणे हा गुन्हा आहे. हंगाम अर्धा असताना बोट सोडून घरी निघालेल्या खलाशाला उचलीचा हिशेब दाखवून जेथे अडविले जाते, तेथे हा कायदा लागू करावयास हवा. समुद्रावर त्याचे नाव घेणारे मात्र कोणी नसते.

बोटीवर सात-आठ माणसे असतात. तांडेल बोट हाकतो, बाकीचे जाळे टाकतात, ओढतात, मासळी निवडतात, बर्फात घालतात. एकेक फेरी कित्येक दिवसांची असते. बोट कोठे न्यावयाची हे खलाशी ठरवीत नाही. मालकाला डिझेल, बर्फ आणि कर्जाचा हप्ता यांचा मेळ घालावयाचा असतो; यांत्रिक बोटींच्या अतोनात गर्दीने जवळच्या पाण्यातील मासळी रोडावलेली असते; आणि कच्छच्या खाड्यांच्या मुखाशी मासळी अजून भरपूर मिळते, हे प्रत्येक तांडेलाला ठाऊक असते. म्हणून बोटी वायव्येकडे सरकतात. मासळीच्या भावातील वाढ मालकाच्या आणि व्यापाऱ्याच्या पदरात पडते. अटकेचा धोका मात्र खलाशाच्या वाट्याला येतो. नफ्याची वाटणी आणि धोक्याची वाटणी इतकी विषम असलेला दुसरा धंदा शोधून काढणे अवघड आहे.

रेषा कोणाची, शिक्षा कोणाला?

ज्या रेषेच्या नावाने ही माणसे पकडली जातात, ती रेषा दोन्ही देशांनी मिळून आखलेलीच नाही. कच्छच्या रणाचा निवाडा आंतरराष्ट्रीय लवादाने १९६८ साली दिला. परंतु सर क्रीक ह्या सुमारे ९६ किलोमीटर लांबीच्या खाडीचा वाद त्याने सुटला नाही. खाडीतील सीमा ठरल्याशिवाय समुद्रातील सीमेचा आरंभबिंदू ठरत नाही आणि आरंभबिंदू नसल्यामुळे पुढची रेषाही करारात नाही. दोन सरकारांना वातानुकूलित दालनांत बसून जे अर्धशतकाहून अधिक काळात ठरविता आले नाही, ते तांडेलाने रात्रीच्या अंधारात, भरतीच्या ओढीत, जाळे पाण्यात असताना ठरवावे, अशी अपेक्षा केली जाते.

आंतरराष्ट्रीय कायदा ह्या बाबतीत अगदीच मुका नाही. संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायद्याचा करार १९८२ साली झाला. भारताने तो १९९५ साली आणि पाकिस्तानने १९९७ साली स्वीकारला. त्याचे ७३ वे कलम सांगते की, अनन्य आर्थिक क्षेत्रात दुसऱ्या देशाच्या बोटीने मासेमारीचे नियम मोडल्यास, दोन देशांत तसा करार नसेल तर, कैदेची शिक्षा देता येणार नाही; वाजवी हमी घेऊन बोट आणि खलाशी ताबडतोब सोडले पाहिजेत. किनाऱ्यालगतच्या बारा सागरी मैलांच्या पाण्याला हे कलम लागू नाही, हे खरे. परंतु त्या पलीकडे पकडलेल्या माणसांनाही तुरुंग दाखविणे हा ह्या कलमाच्या शब्दांचा आणि हेतूचा भंग आहे. दोन्ही सरकारांनी सही केली आहे आणि दोन्ही सरकारे ती विसरली आहेत.

रेषेवरचा धोका केवळ अटकेचा नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘जलपरी’ ह्या बोटीवर पाकिस्तानी सागरी सुरक्षा दलाने केलेल्या गोळीबारात पालघर तालुक्यातील वडराई गावचा एक तरुण खलाशी ठार झाला. मार्च २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातील एक आदिवासी खलाशी कराचीच्या कैदेत मरण पावला आणि त्याचा देह घरी पोहोचण्यास महिन्याहून अधिक काळ लागला. जिवंत माणसाप्रमाणे मृत माणसालाही कागदांची वाट पाहावी लागते.

ओळख पटेपर्यंत

२१ मे २००८ रोजी भारत आणि पाकिस्तान यांच्यात कैद्यांच्या दूतावास-भेटीविषयी करार झाला. दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी एकमेकांच्या ताब्यातील कैद्यांच्या याद्या द्यावयाच्या, अटकेनंतर तीन महिन्यांच्या आत दूतावासाच्या अधिकाऱ्यांना भेट द्यावयाची, आणि राष्ट्रीयत्वाची खात्री झाली व शिक्षा संपली की एका महिन्याच्या आत माणसाला परत पाठवावयाचे, असे त्यात ठरले. करार चांगला आहे. युद्धाची भाषा चालू असतानाही याद्या दिल्या-घेतल्या जातात. एप्रिल २०२५ मधील पहलगामच्या हत्याकांडानंतर अटारीचे नाके बंद झाले, मे महिन्यात तोफा धडाडल्या. तरीही १ जुलै २०२५ रोजी याद्यांची देवाणघेवाण झाली. मग अडते कोठे?

अडते ते ‘राष्ट्रीयत्वाची खात्री’ ह्या दोन शब्दांच्या अलीकडे. खलाशाने तुरुंगात सांगितलेले नाव, बापाचे नाव आणि गाव इस्लामाबादेतून दिल्लीस येते. परराष्ट्र मंत्रालयाकडून ते गृह मंत्रालयाकडे, तेथून राज्याकडे, राज्याकडून जिल्हा पोलिसांकडे आणि शेवटी पाड्यावर पोहोचते. उर्दूत लिहिलेले वारली नाव इंग्रजीत उतरते आणि इंग्रजीतून मराठीत येते, तोवर त्याचा चेहरामोहरा पालटलेला असतो. शिधापत्रिकेवर एक नाव, मतदारयादीत दुसरे, शाळेच्या दाखल्यावर तिसरे आणि हाका मारण्याचे चौथे. पाड्याचे नाव महसुली नोंदीत नसते. गावाचे असते, आणि त्या नावाची गावे दोन तालुक्यांत असतात. बोट गुजरातची असल्यामुळे चौकशी प्रथम गुजरातेत फिरते आणि महाराष्ट्राकडे उशिरा वळते. प्रत्येक टप्प्यावर एखादी फाईल एखाद्या मेजावर थांबते, आणि तिच्याबरोबर मलीरमध्ये एक माणूस थांबतो.

ही अतिशयोक्ती नव्हे. भारत सरकारनेच दिलेल्या माहितीप्रमाणे १ जुलै २०२५ रोजी पाकिस्तानच्या ताब्यात भारतीय अथवा भारतीय मानले गेलेले १९३ मच्छीमार होते आणि भारताच्या ताब्यात ८१ पाकिस्तानी मच्छीमार होते. शिक्षा पुरी झालेले १५९ भारतीय मच्छीमार आणि नागरी कैदी सोडावेत, अशी मागणी त्याच दिवशी भारताने केली. शिक्षा संपलेली आहे आणि कैद चालूच आहे, अशा माणसांचा हा आकडा आहे. त्याच दिवशी भारताने पाकिस्तानला आठवण करून दिली की, ८० पाकिस्तानी मानले गेलेले कैदी आणि मच्छीमार केवळ त्यांचे राष्ट्रीयत्व पाकिस्तानने निश्चित न केल्यामुळे भारतात अडकून पडले आहेत. हा दुसरा आकडा प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवण्यासारखा आहे. न्यायालयाचा हुकूम नव्हे, गुन्ह्याचे गांभीर्य नव्हे, केवळ एका कागदाचा अभाव ८० माणसांना कोंडून ठेवतो.

ती माणसे पलीकडची आहेत म्हणून त्यांचे दुःख पलीकडचे ठरत नाही. कराचीजवळील इब्राहिम हैदरी अथवा सिंधू नदीच्या मुखाकडील ठट्टा परिसरातील मच्छीमारही कर्ज काढूनच समुद्रावर जातो. त्याला भारतीय तटरक्षक दल पकडते, कच्छमध्ये आणते, आणि त्याच्याही घरी त्याची बायको फाईलच्या प्रवासाची वाट पाहते. डॉ. राममनोहर लोहिया भारत-पाक महासंघाची कल्पना मांडीत, तेव्हा तिला स्वप्नरंजन म्हणणारे पुष्कळ होते. परंतु मासळी, भरती-ओहोटी, कर्ज आणि तुरुंग ह्या चार बाबतींत दोन्ही किनाऱ्यांवरील श्रमिकांचा महासंघ केव्हाच स्थापन झालेला आहे. सरकारांनी तेवढा तो ओळखलेला नाही.

जो कागद मागितला जातो आणि जो दिला जात नाही

येथे कोणी म्हणेल की, मच्छीमारांना कागद मिळालेले नाहीत असे नाही. ते खरेच आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्लेखोरांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही बोट पळविली, तिच्यावरील तांडेल आणि खलाशी यांना ठार मारले आणि ते मुंबईच्या किनाऱ्यावर उतरले. त्यानंतर किनाऱ्यावर कागदांचा पाऊस पडला. सागरी मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे देण्याची योजना आली, बोटींना राज्यवार रंग ठरले, गुजरातेत प्रत्येक फेरीपूर्वी खलाशांची नावे देऊन टोकन घेण्याची पद्धत कडक झाली. ‘कुबेर’वरील मृत खलाशीही श्रमिकच होते, किनाऱ्याच्या सुरक्षेची गरज कोणी नाकारीत नाही.

परंतु ह्या सर्व कागदांचे स्वरूप पाहावे. ते श्रमिकाने शासनाला दाखवावयाचे कागद आहेत. हा माणूस कोण, ह्याचे उत्तर त्यांत आहे. ह्या माणसाला कोणी कामावर ठेवले, किती मजुरीवर, अपघात झाल्यास भरपाई कोण देणार, अटक झाल्यास घरी पगार कोण पोहोचविणार, ह्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यांत नाही. श्रमिकावर नजर ठेवणारा कागद तातडीने तयार होतो; श्रमिकाचा हक्क सांगणारा कागद पिढ्यान्‌पिढ्या तयार होत नाही. शासनाच्या वर्गीय स्वभावाचे ह्याहून स्वच्छ दर्शन क्वचितच घडते.

व्यापारी जहाजावरील खलाशाकडे पाहिले की हा फरक उठून दिसतो. त्याच्याजवळ सी.डी.सी. असते, प्रत्येक नोकरीची त्यात नोंद असते, करार असतो, पाठीशी जुनी आणि मजबूत संघटना असते. परक्या बंदरात तो अडकला, तर तो कोणाचा माणूस आहे हे तासाभरात कळते. समुद्र तोच, लाटा त्याच. मग मासेमार बोटीवरचा खलाशी बेनाव का?

त्याच्यासाठी कायदाच नव्हता, असेही नाही. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने कंत्राटदारावर एक बंधन घातले होते: प्रत्येक कामगाराला त्याच्या छायाचित्रासह पासबुक द्यावयाचे आणि त्यात कामाचे ठिकाण, मुदत, मजुरीचा दर, दिलेली आगाऊ रक्कम आणि कपाती यांची नोंद करावयाची. पाच स्थलांतरित कामगार असले तरी तो कायदा लागू होई. त्याची अंमलबजावणी देशभर दुबळीच राहिली. पुढे तो २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. पासबुकाची जागा नेमणूकपत्राने घेतली, विस्थापन भत्ता गेला, आणि स्थलांतरितांविषयीच्या तरतुदी लागू होण्यासाठी कामगारांची संख्या पाचावरून दहावर गेली. बोटीवर माणसे सात-आठ असतात. एका बोटीच्या मालकाला कायद्यातून निसटण्यासाठी आता काहीच करावे लागत नाही. आकड्यानेच त्याची सुटका केली आहे.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००७ साली मासेमारीतील कामाविषयी १८८ क्रमांकाचा करार संमत केला. तो २०१७ पासून अमलात आहे. प्रत्येक मच्छीमाराशी लेखी करार, त्याची प्रत मच्छीमाराच्या हाती, भरतीसाठी त्याच्याकडून पैसे घेण्यास मनाई, आणि बोट सुटण्यापूर्वी खलाशांच्या नावांची यादी किनाऱ्यावरील अधिकृत व्यक्तीकडे ठेवणे, ह्या त्यातील ठळक तरतुदी आहेत. थायलंडसारख्या, मासेमार मजुरांच्या शोषणासाठी बदनाम झालेल्या देशाने २०१९ साली हा करार स्वीकारला. भारताने अद्याप स्वीकारलेला नाही.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप नेहमीचा: ‘त्यांनी रेषा ओलांडूच नये.’ जो हा सल्ला देतो, त्याने तो बोटीच्या मालकाला द्यावा. सुकाणू तांडेलाच्या हाती असले, तरी बोटीची दिशा कर्जाचा हप्ता ठरवितो. खलाशाला ‘नको’ म्हणण्याचा अधिकार लेखी मिळेल, तेव्हाच हा सल्ला त्याला लागू पडेल.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे आणि तो चळवळीच्या आतूनच येतो. आदिवासीला कागदांनी आजवर छळलेच आहे. वनहक्काच्या दाव्याला पुरावा, शिधापत्रिकेला पुरावा, जातीच्या दाखल्याला जुना पुरावा; त्यात आणखी एका कागदाची भर घालून दलालांच्या धंद्याला नवे कुरण का द्यावे? आणि ज्याच्याजवळ कागद नाही, त्याला बोटीवर घेऊ नका असा फतवा निघाला, तर उपाशी कोण राहील?

ही भीती रास्त आहे, आणि म्हणूनच मागणी नेमकी असली पाहिजे. कागद तयार करण्याची जबाबदारी खलाशावर नव्हे, मालकावर आणि शासनावर असली पाहिजे. कागद नसणे हा खलाशाचा दोष ठरता कामा नये. तो मालकाचा गुन्हा ठरला पाहिजे. खर्च मालकाचा, नोंद शासनाची, प्रत खलाशाच्या घरी. कागद श्रमिकाकडून मागितला जातो तेव्हा तो बेडी होतो. कागद श्रमिकाला दिला जातो तेव्हा तो हत्यार होतो. हा भेद ज्याने ओळखला, त्याला ह्या आक्षेपाचे उत्तर सापडले.

तिसरा आक्षेप राष्ट्रभक्तीच्या नावाने येतो: शत्रुराष्ट्राशी कसल्या वाटाघाटी? भारत सरकारच्या सांगण्याप्रमाणे २०१४ पासून जुलै २०२५ पर्यंत २,६६१ भारतीय मच्छीमार पाकिस्तानातून परत आले. ते तोफांनी परत आणलेले नाहीत. याद्यांनी, पत्रांनी आणि भेटींनी परत आणलेले आहेत. २००७ साली दोन्ही देशांनी निवृत्त न्यायाधीशांची संयुक्त समिती नेमली. ह्या समितीचे सदस्य तुरुंगांत जाऊन कैद्यांना भेटत, याद्या पडताळीत. २०१३ नंतर तिच्या भेटी थांबल्या. ती समिती पुन्हा चालू करण्याने कोणत्या देशाचे सार्वभौमत्व बुडणार आहे?

कार्यकर्त्याचे काम

मागण्या स्पष्ट आहेत. मासेमारीसाठी रेषा ओलांडणाऱ्याला अटक न करता, चौकशी करून माघारी धाडण्याचा करार दोन्ही देशांनी करावा. दोन्ही किनाऱ्यांवरील मच्छीमार संघटना ही मागणी वर्षानुवर्षे करीत आहेत. न्यायाधीशांच्या समितीचे पुनरुज्जीवन व्हावे. भारताने १८८ क्रमांकाचा करार स्वीकारावा आणि मासेमार बोटींना दहा माणसांच्या अटीतून वगळावे. पकडल्या गेलेल्या खलाशाची मजुरी त्याच्या घरी चालू राहावी. परंतु दिल्लीकडे निवेदने धाडून कार्यकर्ता स्वस्थ बसला, तर त्याने आपल्या कामाचा सोपा अर्धाच भाग केला असे होईल. अवघड अर्धा पाड्यावर आहे.

राष्ट्रीयत्वाची खात्री अटकेनंतर करावी लागते, म्हणून वर्षे जातात. ती प्रस्थानापूर्वीच का करू नये? माणसे गुजरातेकडे निघण्याच्या आधी, प्रत्येक पाड्यावर एक वही उघडता येईल. तीत खलाशाचे नाव जसे कागदावर आहे तसे आणि जसे हाका मारताना घेतात तसे, बापाचे व आईचे नाव, पाडा, गाव, तालुका, अंगावरील खुणा, ओळखपत्राचा क्रमांक, मुकादमाचे नाव व दूरध्वनी, बंदर, बोटीचे नाव व नोंदणी क्रमांक, घेतलेली उचल आणि ठरलेली मजुरी यांची नोंद व्हावी. सोबत छायाचित्र असावे. त्या पानावर ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांची सही व शिक्का घ्यावा. एक प्रत घरी, एक ग्रामपंचायतीत, एक तालुक्याच्या पोलीस ठाण्यात आणि एक संघटनेकडे राहावी. बोट बदलली की दूरध्वनीवरून कळवून वहीत दुरुस्ती व्हावी. ज्या नावांत कागदोपत्री फरक आहे, ती नावे त्याच शिबिरात एकसारखी करून घेण्याचे अर्ज भरावेत. पेसा कायद्याखालील ग्रामसभांनी अशी वही ठेवण्याचा ठराव केल्यास तिला अधिकृतपणा येईल.

ह्या वहीला फार पैसा लागत नाही, चिकाटी लागते. अटकेची बातमी आली त्या दिवशी संघटनेचा माणूस ते पान घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ शकेल. दिल्लीहून विचारणा येण्याची वाट पाहावी लागणार नाही. उत्तर प्रश्नाच्या आधी तयार असेल. शिवाय त्याच पानावर उचल आणि मजुरी लिहिलेली असल्यामुळे परतलेल्या खलाशाच्या हिशेबाच्या भांडणातही तो पुरावा होईल. ज्या दिवशी मुकादम वही पाहून बिचकेल, त्या दिवशी संघटना पाड्यावर रुजली असे समजावे.

ही वही कोणाच्या हाती असावी, ह्याचाही विचार व्हावा. पुरुष बोटीवर असताना घर, शेत, कर्ज आणि म्हातारी माणसे स्त्री सांभाळते. तो पकडला गेला की मालकाकडून येणारा पैसा बहुधा थांबतो. नवरा आहे, पण नाही, अशा स्थितीत ती कचेऱ्यांचे उंबरे झिजवते आणि प्रत्येक कचेरीत तिला आधी विचारले जाते की, तुझ्याजवळ काय कागद आहे? वही तिच्याजवळ असली पाहिजे, तिला ती वाचता आली पाहिजे, आणि पाड्यावरील समितीत तिची जागा पहिली असली पाहिजे. प्रौढ साक्षरतेचा ह्याहून उपयुक्त पहिला धडा कोणता असेल?

समाजवादाची भाषा पुष्कळदा मोठ्या शब्दांत अडकून पडते. श्रमिकांची आंतरराष्ट्रीय एकजूट हा शब्द सभांमध्ये टाळ्या घेतो. तलासरीच्या पाड्यावर त्या शब्दाचा अर्थ एवढाच आहे की, मलीरमध्ये बसलेल्या माणसाचे नाव ज्या वहीत आहे, ती वही वेळेवर सापडावी. आणि कच्छमध्ये बसलेल्या सिंधी मच्छीमाराच्या गावीही कोणी तशीच वही ठेवावी. हौशी माणसाच्या गळाला दाखला मिळतो. खलाशाच्या हाती पहिला कागद घरी परतताना न पडता घर सोडताना पडावा, ह्यासाठी पुढच्या नारळी पौर्णिमेची वाट पाहण्याचे कारण नाही. ह्या हंगामात बोटीवर गेलेल्यांची घरे पाड्यांवर आहेत, घरात माणसे आहेत, आणि वहीचे पहिले पान आजही लिहिता येते.